हळू चालणारी मुलगी पुढे

(मुर्री येथील आपल्या केंद्रात झालेल्या देणगीदार व कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण. वक्त्या निवृत्त परिचारिका असून वसतिगृहातील मुलींच्या आरोग्याचे काम पाहतात. भाषण थोडे संक्षिप्त केले आहे.)

पत्रिकेवर माझा विषय असा छापला आहे : ‘वनातील निवांत वेळ आणि आरोग्य’. काल संध्याकाळी ही पत्रिका मी सालेकसा तालुक्यातून आलेल्या एका आईला वाचून दाखवली. तिने तोंडाला पदर लावला आणि हसत सुटली. म्हणाली, “जंगलात निवांत कोन बसते जी? आमी तं कामाले जातो.”

ती आत्ता समोरच बसली आहे. तिचे हसणे मनात ठेवूनच मी बोलणार आहे. कारण हा विषय शहरातल्या माणसाने शहरातल्या माणसाला सांगितला तर फार सोपा होतो. जंगलात जा, दीर्घ श्वास घ्या, बरे वाटेल. इथे बसलेल्या निम्म्या लोकांसाठी जंगल म्हणजे पोट आहे, डोक्यावरचा भारा आहे आणि कधी कधी अस्वलाची भीती आहे. त्यांना मी काय सांगणार?

आधी माझे सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. देवरी आणि सालेकसा या दोन तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर माझी बरीच वर्षे गेली. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तर मध्ये जंगल. खांद्याला लसींचा डबा, हातात नोंदवही, आणि डब्यातला बर्फ वितळायच्या आत पुढचे गाव गाठायचे. त्यामुळे मी जंगलातून चालत नसे, पळत असे. इतकी वर्षे त्या वाटांनी गेले, पण ऐन कोणता आणि धावडा कोणता हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. गावच्या एका बाईने एकदा मला वाटेत थांबवले. “काऊन एवढ्या घाईनं चालता जी, नर्सबाई? मागं वाघ लागला का?” मी म्हटले, वाघ नाही, रिपोर्ट लागला आहे.

निवृत्त झाले आणि मुर्रीला राहायला आले. दुसऱ्याच वर्षी आमचे हे गेले. त्यानंतर माझी झोप उडाली. रात्री गोंदिया स्टेशनात येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे भोंगे मोजत पडून राहायची. रक्तदाब वाढला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधणारी मी, स्वतःच्या दंडाला बांधायला घाबरू लागले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज चाला म्हणाले. मी चालायला लागले, तेही पूर्वीसारखेच, घड्याळ बघत.

मार्च महिन्यात जुन्या ओळखीच्या एका गोंड बाईने मला तिच्या गावी बोलावले. मोहफुलांचे दिवस होते. पहाटे चारला तिने उठवले. अंधारात आम्ही तिच्या मोहाखाली गेलो. आदल्या दिवशीच तिने झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा लख्ख केली होती. आम्ही बसलो. ती काहीच बोलेना. मी बोलायला तोंड उघडले तर तिने हाताने गप्प केले. आणि मग ऐकू आले. टप. थोड्या वेळाने दुसरीकडे, टप. मोहाचे फूल पडते तेव्हा आवाज होतो हे मला ठाऊकच नव्हते. उजाडेपर्यंत आम्ही नुसत्या ऐकत बसलो. मग जमीन पांढुरकी दिसू लागली आणि आम्ही वेचायला वाकलो. दोन तासांत माझी कंबर धरली, तिची टोपली भरली होती. त्या रात्री मी तिच्या अंगणात खाटेवर सलग झोपले. किती महिन्यांनी, ते मोजले नाही.

आता मी नर्स आहे. एका रात्रीच्या झोपेवरून मी कोणाला औषध लिहून देत नाही. माझी गोळी आजही सुरू आहे आणि ती मी जंगलात गेल्यावरही घेते. हे आधीच सांगते, कारण भाषण ऐकून कोणी गोळ्या बंद केल्या तर ते पाप माझ्या माथी नको. पण मला प्रश्न पडला की हे नुसते माझ्या मनाचे आहे की त्यात काही तथ्य आहे. म्हणून वाचायला घेतले. भाची नागपूरला ग्रंथालयात आहे, तिने मदत केली.

जपानमध्ये यासाठी शब्दच आहे, शिनरिन-योकू. शिनरिन म्हणजे वन, योकू म्हणजे स्नान. वनस्नान. हा शब्द फार जुना नाही. १९८२ मध्ये तिथल्या सरकारी वनखात्याने तो रूढ केला. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पिचलेल्या लोकांनी जंगलात यावे, हळू चालावे, वास घ्यावा, झाडाला हात लावावा, हा हेतू. पुढे तोक्योतल्या छिंग ली नावाच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये कंपनीत नोकरी करणाऱ्या बारा पुरुषांना तीन दिवसांसाठी जंगलात नेले आणि आधी व नंतर त्यांचे रक्त तपासले. आपल्या रक्तात रोगट पेशींना ओळखून मारणाऱ्या काही पांढऱ्या पेशी असतात. बारापैकी अकरा जणांत त्यांची क्रियाशीलता वाढलेली आढळली, सरासरी सुमारे निम्म्याने. झाडे हवेत जी सुगंधी द्रव्ये सोडतात त्यांचाही यात वाटा असावा असे त्यांचे म्हणणे आहे.

बारा माणसे म्हणजे फारच थोडी. शिवाय तीन दिवस नोकरीपासून सुटका मिळाली तर कोणाचेही रक्त सुधारेल, असे माझी भाची म्हणाली, आणि मला ते पटले. पुढे याच डॉक्टरांनी तुलनेसाठी शहराच्या सहलीही करून पाहिल्या. त्या सहलींत तसा परिणाम दिसला नाही. इंग्लंडमध्ये २०१९ साली जवळजवळ वीस हजार लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. एकदम दोन तास असोत की थोडेथोडे करून, फरक पडला नाही. आता ज्याची तब्येत मुळात बरी तोच जास्त फिरणार, हेही आहेच. तरी १२० मिनिटे हा आकडा मी लक्षात ठेवला. तो का, ते पुढे येईल.

मला सगळ्यांत आवडलेला अभ्यास जंगलाचा नाहीच, खिडकीचा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण एकाच बाजूच्या खोल्यांत ठेवत. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींतून विटांची भिंत. रॉजर उलरिच यांनी १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी काढल्या आणि एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नर्सांनी लिहिलेल्या शेऱ्यांतही फरक होता, भिंतीकडे तोंड असलेल्यांबद्दल ‘रडतो आहे’, ‘धीर द्यावा लागतो’ अशा अर्थाचे शेरे जास्त. हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. नर्सांचे शेरे कोणीतरी एवढे लक्ष देऊन वाचले, याचाच मला आनंद झाला.

आता आपल्या वसतिगृहाकडे येते.

जूनच्या शेवटी नव्या मुली येतात. मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. भोवती धानाची शेती, पलीकडे राईस मिल, रस्ता, रेल्वे. जंगल नाही. ज्या मुलीने दहा वर्षे घराच्या मागच्या दाराने जंगलात जायचे तिला आपण पत्र्याच्या खाली लोखंडी पलंग देतो. चांगला देतो, गादी देतो, दोन वेळ जेवण, वह्या, गणवेश, सगळे देतो. आणि पहिल्या महिन्यात माझ्या दारापाशी रांग लागते. पोट दुखते. डोके दुखते. जेवण जात नाही. मी पोट दाबून बघते, ताप बघते, जंतांची गोळी देते, मलेरियासाठी रक्त घेते. बहुतेक वेळा काही निघत नाही. तरी दुखणे खोटे नसते. रविवारी संध्याकाळी, म्हणजे ज्या दिवशी घरचे भेटून परत जातात त्या संध्याकाळी, ही रांग सर्वांत मोठी.

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी व्यवस्थापनाकडे मागणी केली की महिन्यातून दोन रविवारी मुलींना जंगलात नेऊ द्या. व्याघ्र प्रकल्पात नाही. नवेगाव-नागझिऱ्यात पायी फिरता येत नाही आणि ते बरोबरच आहे. आपण जातो ते गोरेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात, ग्रामसभेला विचारून.

पहिल्या दोन फेऱ्या मी माझ्या स्वभावाप्रमाणे केल्या. शिटी, रांग, वेळापत्रक. साडेआठला इथे, सव्वानऊला नाल्यावर, दहाला टेकडीवर, झाडांची माहिती वहीत लिहा. सहल झाली छान, फोटोही आले. आपल्या या अंकाच्या मुखपृष्ठावर एक छापलाही होता. त्या फोटोत एक मुलगी नाही, कारण ती मागे राहिली होती.

ती तेव्हा आठवीत होती. तिला सिकलसेल आहे. विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही समाजांत हा आजार किती घरांत आहे ते तुम्ही जाणता. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे फोडून काढल्यासारखी वेदना होते. पाणी कमी पडले, थंडी लागली, दमणूक झाली की हे होण्याची शक्यता वाढते. मला हे सर्व माहीत होते. मी इतरांना याचे प्रशिक्षण दिले आहे. तरी माझ्या वेळापत्रकात त्या मुलीची चाल मी धरली नव्हती. दुसऱ्या फेरीत ती मागे राहिली आणि कोणाला सांगितले नाही. रात्री पाय धरून रडू लागली तेव्हा कळले. तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. ही चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नव्हे.

पुढच्या फेरीला तिला वसतिगृहातच ठेवावे असे ठरत होते. ती माझ्याकडे आली. “बाई, मी मागं मागं येतो. तुम्ही जा समोर.” आमच्याकडे मुलीही ‘येतो, जातो’ म्हणतात, पाहुण्यांनी गोंधळू नये. मी तिला म्हटले, तू मागे नाही, तू पुढे. तू जेवढी हळू चालशील तेवढेच आम्ही चालू. तू बसलीस की सगळ्या बसतील.

त्या दिवशी आम्ही टेकडीवर पोहोचलोच नाही. नाल्यापर्यंतही नाही. दोन तासांत जेमतेम एक किलोमीटर गेलो असू. आणि जंगल दिसायला लागले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते, ते मला एका सहावीतल्या मुलीने दाखवले. तांबट पक्ष्याचा टुक टुक आवाज येतो तेव्हा तो ज्या बाजूला वाटतो त्या बाजूला तो नसतोच, कारण तो मान फिरवत बोलतो, हे दुसरीने सांगितले. या मुली वर्गात हात वर करत नाहीत. जंगलात त्या बाई झाल्या आणि मी विद्यार्थिनी. झाडांची गोंडी नावे मी वहीत लिहून घेते आणि चुकीची म्हणते, त्यावर त्यांचे हसणे थांबत नाही.

त्यानंतर वेळापत्रक गेले. आता एवढेच करतो. तिच्या चालीने थोडे जायचे. मग प्रत्येकीने आपली जागा धरायची, हाकेच्या अंतरात. दर वेळी तीच जागा. वीस मिनिटे बोलायचे नाही, काही गोळा करायचे नाही, काही लिहायचे नाही. त्यानंतर ज्यांना सांगायचे त्यांनी एकच गोष्ट सांगायची. एकीने सांगितले की मुंगळ्यांची रांग तिच्या पायापाशी दोन फाटे होऊन पुढे पुन्हा एक झाली. एक जण दर वेळी पळसाचे तेच झाड सांगते, किती पाने उरली, किती कळ्या आल्या. एक जण रडली, तिला कोणी कारण विचारले नाही. एक चक्क झोपली. झोपू दिले.

बसायला, चालायला आणि परतायला मिळून एका फेरीत दोन तास होतात. इंग्लंडवाल्यांची १२० मिनिटे अशी भरतात, आठवड्याला नाही तरी पंधरवड्याला. उरलेली आम्ही आवारातल्या आंब्यांखाली भरून काढायचा प्रयत्न करतो.

परिणाम काय झाला असे व्यवस्थापनाने मला लेखी विचारले आहे. माझी वही आहे, पण ती संशोधन नाही, म्हणून आकडे फेकत नाही. फेरीच्या रविवारी माझ्या दारापाशी रांग लहान असते, एवढे मी नर्स म्हणून सांगू शकते. त्या रात्री मुली लवकर झोपतात, हे अधीक्षिकाबाई सांगतील. सिकलसेल बरा होत नाही, त्या मुलीच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि तपासण्या सुरू आहेत. पण हळू चालण्याच्या फेरीनंतर तिला एकदाही वेदनेसाठी दाखल करावे लागलेले नाही. पाणी दर अर्ध्या तासाला सर्वांनी प्यायचे हा नियम तिच्यामुळे झाला आणि त्याचा फायदा सर्वांना झाला.

एक आक्षेप असा की दहावीच्या मुलींचा अभ्यास बुडतो. मिशिगनमधले स्टीफन आणि रेचल कॅप्लन हे मानसशास्त्रज्ञ दांपत्य होते, त्यांनी यावर आयुष्य घालवले. त्यांचे म्हणणे साधे आहे. पुस्तकावर मुद्दाम लावलेले लक्ष थकते, जसा हात थकतो. पाने हलताना, पाणी वाहताना बघायला ते लक्ष लावावे लागत नाही, ते आपोआप लागते, आणि तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. दहावीच्या मुलींना विचारून बघा. मी विचारले आहे, पण माझ्यासमोर त्या माझ्या बाजूनेच बोलणार, म्हणून तुम्ही विचारा.

दुसरा आक्षेप खरा आहे. वाघ. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेव्हापासून पालकांच्या मनात धास्ती आहे. ती मी उडवून लावणार नाही. वाघापेक्षा मला अस्वलाची भीती जास्त वाटते, कारण मोहफुलांसाठी तेही पहाटे त्याच झाडाखाली येते. म्हणून आपली फेरी ऊन वर आल्यावरच सुरू होते. मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत आपण गावाजवळच्या कडेनेच फिरतो, भर पावसात जात नाही. गावचे दोन जाणते पुरुष आणि एक बाई सोबत असतात. त्यांनी मागे फिरा म्हटले की मागे फिरायचे, कारण विचारायचे नाही. पूर्ण बूट सर्वांना. चार वेळा आम्ही वाटेतून परत आलो आहोत. त्याची नोंदही वहीत आहे.

आता त्या हसणाऱ्या माउलीकडे येते. तिचे म्हणणे अर्धे खरे आहे, तिला ते माहीत आहे. मी तिला काल रात्री विचारले, तू मोहाखाली पहाटे बसतेस तेव्हा काय करतेस? म्हणाली, फूल पडाची वाट पाहातो. मी म्हटले, मग तेच तर. ती म्हणाली, ते तं आपल्या झाडाखाली, आता. आधी असं बसाले मिळत नव्हतं, कोनी येईल म्हनून पटापट येचून पराचं.

हे वाक्य मी रात्रभर घोळवले. आपल्याच जंगलात चोरासारखे वावरावे लागले ती माणसे हळू कशी चालणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्क मिळायला सुरुवात झाली. ज्या गावात आम्ही मुलींना नेतो तिथे तो मिळाला आहे, म्हणून तिथली म्हातारी माणसे आम्हाला निवांत झाडे दाखवतात. जिथे दावे अजून पडून आहेत तिथे बाया आजही घाईतच असतात. त्यांची कंबर, त्यांचा रक्तदाब, त्यांची झोप या सगळ्याचा त्या घाईशी संबंध आहे असे मला वाटते. जपानच्या डॉक्टरांना हे मोजायची गरज पडली नसेल. आपल्या कार्यकर्त्यांनी दाव्यांचे कागद भरताना ते आरोग्याचेही काम समजावे, एवढे मी म्हणेन.

आणि हळू चालणे जपानहून आणायची गरज नाही. माघ पौर्णिमेला कचारगडला गोंड समाजाचे लोक किती लांबून येतात, डोंगर चढतात, ती गर्दी असूनही तिथे घाई दिसत नाही. प्रत्येक गोत्राची काही झाडे, काही प्राणी असतात, त्यांना ते लोक इजा करत नाहीत. ज्या झाडाशी नाते आहे त्याच्या शेजारून कोणी धावत जात नाही. व्यंकटेश माडगूळकर पुण्याहून नागझिऱ्यात येऊन राहिले, नुसते बघत बसले, आणि त्यातून त्यांचे ‘नागझिरा’ झाले. मारुती चितमपल्ली तर मूळ सोलापूरचे. नवेगावला वनाधिकारी म्हणून आले आणि तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून, गावातल्या माणसांकडून पाखरे शिकले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. एवढा मोठा माणूस सांगत असे की मला हे इथल्या लोकांनी शिकवले. आपल्या मुली त्याच लोकांच्या नाती आहेत. आणि त्यांना आपण चार भिंतींत पक्ष्यांचा धडा पाठ करायला लावतो. असो. अभ्यासक्रम बदलणे माझ्या हातात नाही.

माझ्या हातात दोन मागण्या आहेत, त्या मांडते आणि बसते.

पुढच्या महिन्यात समितीच्या बैठकीत या फेऱ्या चालू ठेवायच्या की नाही हे ठरणार आहे. बसचे भाडे हे मुख्य कारण सांगितले जाते. आज इथे देणगीदार आहेत. दरवर्षी तुम्ही मुलींना दप्तरे देता, ब्लँकेटे देता. यंदा कोणी एखाद्या फेरीचे भाडे दिले तर पावतीवर ‘बस’ असे लिहून देऊ, ऐकायला ते ब्लँकेटएवढे छान नाही याची मला कल्पना आहे.

दुसरी मागणी बिनपैशाची आहे. आपल्या आजारी मुलींच्या खोलीची खिडकी पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे उघडते. मागच्या बाजूला कोठीघर आहे, त्याच्या खिडकीतून आंबे आणि तो जुना मोह दिसतो. तांदळाच्या पोत्यांना मोह बघायची गरज नाही. दोन खोल्यांची अदलाबदल करायची. मुली आणि मी एका दिवसात सामान हलवू, रंगही आम्हीच देऊ.

पुढची फेरी येत्या रविवारी आहे. बस साडेसातला फाटकातून निघते. पाहुण्यांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जेवणापूर्वी अधीक्षिकाबाईंकडे नाव द्यावे. दहा जागा आहेत. सकाळी थंडी असते, स्वेटर आणा. दोन लिटर पाणी, पूर्ण बूट, मोबाईल बसमध्येच राहील. आणि मधूनच पुढे जाऊ नका. पुढे चालणारी मुलगी यंदा अकरावीत आहे, विज्ञान शाखेत, तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी हात दाखवू नये म्हणून मघापासून डोळे वटारते आहे.